सायकल फिटिंगला (सायकल तुमच्या शरीराच्या मापाला जुळवून घ्यायला) जाताय? मग आधी आणि नंतर काय करायचं

मिनिटाला पेडलच्या ८० फेऱ्या धरल्या तर तासाभरात एकेक गुडघा ४८०० वेळा वाकतो, आणि २०० किमीच्या बीआरएमची (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडची) मुदत साडेतेरा तासांची असते, म्हणजे सीट जरा जरी चुकीच्या उंचीला असेल तर दुखणं येणारच. म्हणून महागडी चाकं घ्यायच्या आधी फिटिंगवर पैसे घाला, असं मी मनापासून सांगेन.

जाण्याआधी नेमकं कुठं आणि किती वेळानी दुखतं ते लिहून ठेवा. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेकदा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर हातावर वजन जास्त पडतंय. जुनी दुखापत, ऑपरेशन काही असेल तर लपवू नका. रोजचे शूज आणि पॅडवाली शॉर्ट्स घेऊन जा, जीन्सवर फिटिंग होत नाही.

घरी एक अंदाज काढता येतो. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा, ८० सेमी आलं तर साधारण ७०.६ सेमी, म्हणजे क्रँक (पेडल जोडलेला दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतचं अंतर. ही पद्धत टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावानी ओळखली जाते. पण हा नुसता अंदाज आहे हां, शूजचा सोल, क्रँकची लांबी, तुमचा लवचिकपणा हे त्यात येत नाही.

चांगला फिटर आधी तुम्हालाच तपासतो, सायकल नंतर. झोपवून पाय उचलून बघतो, कंबर किती वाकते, दोन्ही पाय सारखे आहेत का. हे न करता कोणी थेट पाना हातात घेतला तर मला तरी तो फिटर पटत नाही. मग क्लीट (शूजच्या तळाला लावलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी), मग सीटची उंची (पेडल खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा आणि मागून बघितलं तर कंबर डावी-उजवी हलायला नको), मग सीट पुढे-मागे, आणि हँडल सगळ्यात शेवटी. इथंच लोक गडबड करतात, हँडल लांब वाटलं की सीटच पुढे सरकवतात, त्यानी हात जवळ येतो पण गुडघ्याचं गणित बिघडतं आणि वजन आणखी हातावर येतं. हँडल लांब असेल तर छोटा स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) टाका.

नंतर पहिले दोन-तीन आठवडे छोट्याच राईड करा, लगेच सिंहगड घाट नको, नवीन पोझिशनला स्नायूंना वेळ लागतो. काही खटकलं तर एका वेळी एकच बदल, तोही २-३ मिमीचाच. फेरतपासणी फीमध्ये धरलीय का ते पैसे देण्याआधीच विचारा. सगळी मापं लिहून घ्या आणि सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) इलेक्ट्रिक टेपची खूण करा, म्हणजे सर्व्हिसिंगला सीट काढली तरी परत बरोब्बर तिथंच बसवता येते.