सेरेब्रल पाल्सीच्या लहानग्यांचे हात तपासताना या चुका टाळा

चांगला हात दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातात ठोकळा कोंबायचा, ही चूक इतक्या वेळा दिसते की तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते. उजव्या बाजूचा हेमिप्लेजिया (सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे, शरीराची एकच बाजू कमकुवत होणं) असलेलं अडीच वर्षांचं पोर. आईने डावा हात धरून ठेवला, सगळ्यांनी ‘घे, घे’ केलं, पोराने उजव्या हाताने कसाबसा ठोकळा उचलला आणि फाइलमध्ये ‘उजवी पकड चांगली’ असं लिहून झालं. घरी तेच पोर केळ्याची साल दातांनी ओढतं आणि उजवी मूठ मांडीवर आवळलेलीच राहते. भाग पाडल्यावर हात काय करतो हे कळलं, पण पोर आपणहून काय करतं ते कोणी पाहिलंच नाही. पुढची सगळी थेरपी मग त्या एका ओळीवर चुकते.

म्हणून दोन हातांशिवाय होणारच नाही असं काम समोर ठेवा: झाकणाची डबी, ओढून सुटे होणारे मणी, देठाशी थोडंसं सोललेलं केळं, भाकरीचा तुकडा. दहा-पंधरा मिनिटं खेळू द्या आणि गप्प बसा. मोबाइल समोर ठेवून व्हिडिओ घ्या, दोन्ही हात आणि चेहरा दिसला पाहिजे. कमकुवत हात वस्तू धरून ठेवायला पुढे येतो का, अंगठा तळव्यात अडकतो का, वस्तू सोडताना मनगट खाली वाकवावं लागतं का, हे नंतर निवांत बघा. असिस्टिंग हँड असेसमेंट ही कमकुवत हात दोन हातांच्या कामात किती मदत करतो हे मोजणारी चाचणी अशाच खेळावर बसवलेली आहे, पण प्रशिक्षण न घेता तिचे गुण देऊ नका. चिमटी बघायला शेंगदाणे तर कधीच नकोत, घशात अडकतात. मुरमुरा पुरतो.

दुसरी चूक बसवण्याची. पाय लोंबकळत असले की पोर तोल सांभाळायला हात टेकवतं आणि दोष हाताच्या माथी येतो. कंबर, गुडघे, घोटे काटकोनात हवेत, पायाखाली पाट आणि टेबल कोपराच्या उंचीला. आईच्या मांडीवर असेल तर आईने कमरेला धरावं, खांद्यांना नाही.

धडगावसारख्या लांबच्या गावाहून पहाटेच्या एसटीने, मे महिन्याच्या उन्हात आलेल्या पोराला लगेच तपासायला घेऊ नका. रडण्याने आणि थकव्याने स्नायूंचा ताठरपणा वाढतो. आधी दूध, थोडी झोप. रांग मोठी असली तरी हा अर्धा तास द्यायलाच हवा. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या पोराला सूचनाही आईच्याच तोंडून जाऊ द्या.

मॅक्स (पोर रोजच्या वस्तू हातांनी कसं हाताळतं हे 1 ते 5 पातळ्यांत सांगणारी पद्धत, 1 म्हणजे सर्वांत चांगली) 4 ते 18 वर्षांसाठी आहे, 1 ते 4 वर्षांसाठी मिनी-मॅक्स. दोन्हींत पातळी एकच, दोन्ही हातांची मिळून, आणि ती रोजच्या वागण्यावरून, आईला विचारून ठरते. उजव्याला 4 आणि डाव्याला 1 असं लिहू नका.

ॲशवर्थचा आकडा (स्नायूंच्या ताठरपणाचं माप) म्हणजे हाताचं काम नव्हे.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करूनच, म्हणजे जितके आठवडे आधी जन्मलं तितके वजा करूनच, मोजा.

वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल, तर ‘आजोबांसारखं डावखुरं’ म्हणून घरी पाठवू नका, दुसरा हात नीट तपासा.

आणि ‘या हाताकडे लक्षच देत नाही’ असं लिहिण्याआधी खेळणं डावीकडून, मधून, उजवीकडून दाखवा. काही मुलांना एका बाजूचं दिसतच नसतं.