संरक्षण आदेशाच्या अर्जातच मुलांच्या ताब्याची मागणी करावी

कौटुंबिक हिंसाचारामुळे घर सोडावे लागलेल्या अनेक स्त्रिया मुलांच्या ताब्यासाठी वेगळा दावा करावा लागेल या समजुतीने थांबून राहतात, आणि तेवढ्या काळात मूल सासरीच अडकून पडते. प्रत्यक्षात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २१ नुसार, संरक्षण आदेशासाठी (म्हणजे हिंसाचार करण्यास मनाई करणाऱ्या आदेशासाठी) किंवा अन्य दिलासा मागण्यासाठी केलेल्या अर्जाच्या सुनावणीत कोणत्याही टप्प्यावर दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा अर्जदार स्त्रीकडे देऊ शकतात. म्हणून कलम १२ च्या अर्जात ही मागणी स्पष्ट शब्दांत लिहावी आणि तातडी असल्यास कलम २३ खाली अंतरिम आदेशही मागावा. प्रतिज्ञापत्रावरून प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास तो एकतर्फीही, म्हणजे समोरच्या पक्षाचे म्हणणे ऐकण्याआधीच, मिळू शकतो. माहेरी तात्पुरते राहत असाल, तर तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो.

वडिलांच्या भेटींविषयी मौन बाळगू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. भेटीमुळे मुलाला अपाय होण्याची भीती असल्यास मुलाने काय पाहिले आणि सोसले हे तारखांसह मांडावे, कारण अशा स्थितीत भेट नाकारण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी अर्जासाठी मदत करतात. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो. आदेशाची विनामूल्य प्रत मिळताच एक छायाप्रत मुलाच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे द्यावी. कायमच्या ताब्याचा प्रश्न मात्र कौटुंबिक न्यायालयात स्वतंत्रपणे ठरतो.