प्रसूतिकक्षातील परिचारिकांनी पुढचे शिक्षण कसे निवडावे

जीएनएम (परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून काही वर्षे प्रसूतिकक्षात काम केलेल्या परिचारिकेने पुढे शिकायचे ठरवले, की तिला बहुधा एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे एम.एस्सी. करण्याचा. या सल्ल्यात एक महत्त्वाची गोष्ट राहून जाते. एम.एस्सी.नंतर मिळणारी बहुतेक पदे अध्यापनाची किंवा प्रशासनाची असतात, आणि ज्या हातांनी शेकडो बाळंतपणे सुखरूप पार पाडली ते हात हळूहळू प्रसूतीच्या टेबलापासून दूर जातात. म्हणून अर्ज भरण्याआधी स्वतःला विचारावे की, पुढची वीस वर्षे आपल्याला शिकवायचे आहे, व्यवस्थापन करायचे आहे, की बाळंतिणीजवळच राहायचे आहे. या तिन्हींसाठी आज वेगवेगळे मार्ग आहेत, आणि त्यांच्या अटीही वेगळ्या आहेत.

आपण आज कोणत्या पायरीवर आहोत

एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसविका) झालेल्या आरोग्य सेविकेला थेट पदव्युत्तर शिक्षणाकडे जाता येत नाही. तिला आधी जीएनएम पूर्ण करावे लागते, आणि नोंदणीकृत एएनएम म्हणून तिला त्या अभ्यासक्रमाचा अर्ज करता येतो. ग्रामीण आरोग्यसेवेतच राहायचे असेल, तर सेवाज्येष्ठतेनुसार प्रशिक्षण घेऊन आरोग्य सहाय्यिका होण्याचा मार्ग स्वतंत्रपणे आहेच. जीएनएम झालेल्या परिचारिकेने दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करावे, कारण त्याशिवाय एम.एस्सी.चे दार उघडत नाही. चार वर्षांची बी.एस्सी. केलेल्यांना ही पायरी लागत नाही.

एम.एस्सी. नर्सिंगच्या पात्रतेत तीन गोष्टी पाहिल्या जातात: परिचारिका व प्रसविका (मिडवाइफ) म्हणून वैध नोंदणी, पदवीत किमान ५५ टक्के गुण आणि किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव. अनुभवाच्या अटीत एक फरक आहे, जो अनेकींच्या लक्षात येत नाही. चार वर्षांच्या बी.एस्सी.नंतर येणाऱ्या उमेदवाराचा अनुभव पदवीनंतरचा असावा लागतो, तर पोस्ट बेसिक केलेल्या परिचारिकेचा त्या अभ्यासक्रमाआधीचा अनुभवही धरला जातो. म्हणजे जीएनएमनंतर पाच वर्षे प्रसूतिकक्षात काढून पोस्ट बेसिक केलेल्या परिचारिकेला आणखी वर्षभर थांबण्याचे कारण नाही.

प्रसूतिकक्षात राहूनच पुढे जायचे असेल तर

भारत सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हे नवे पद त्यात मांडले. त्यासाठीचे प्रशिक्षण अठरा महिन्यांचे असून शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे आहेत. नोंदणीकृत जीएनएम किंवा बी.एस्सी. परिचारिका, जिला प्रत्यक्ष प्रसूती करण्याचा अनुभव आहे, ती यासाठी पात्र ठरू शकते. प्रशिक्षणानंतर तिने मिडवाइफरी केंद्रित प्रसूती कक्षात धोका नसलेल्या गरोदरपणाची आणि नैसर्गिक प्रसूतीची जबाबदारी स्वतः घ्यावी, गुंतागुंतीची चिन्हे दिसताच वेळेवर प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे, अशी ही रचना आहे. या परिचारिकांना शिकवणाऱ्या मिडवाइफरी एज्युकेटरसाठी सहा महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण आहे. तेलंगणाने हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या साहाय्याने या कामाला आधीच सुरुवात केली होती, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या रचनेला त्या अनुभवाचा आधार मिळाला.

माझ्या मते, ज्या परिचारिकेला बाळंतपणाचे काम मनापासून आवडते तिने या मार्गाचा विचार एम.एस्सी.च्या आधी करावा. यासाठीची निवड शासकीय सेवेत असणाऱ्यांमधून आरोग्य विभागामार्फत होत असल्याने आपल्या जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयाकडे येणाऱ्या परिपत्रकांवर लक्ष ठेवावे आणि इच्छा लेखी कळवून ठेवावी. तोपर्यंत कुशल प्रसूती सहाय्यकाचे एकवीस दिवसांचे प्रशिक्षण, दक्षता कार्यक्रम (प्रसूतीच्या वेळच्या सेवेची गुणवत्ता वाढवणारा) आणि नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचे प्रशिक्षण यांपैकी जे राहिले असेल ते पूर्ण करावे. ‘लक्ष्य’ या प्रसूतिकक्ष गुणवत्ता कार्यक्रमाच्या मूल्यांकनात आपल्या रुग्णालयाकडून काम करण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये, कारण नोंदी, तपासण्या आणि पथकाचे काम यांची जी सवय तिथे लागते ती पुढच्या कोणत्याही मुलाखतीत दिसून येते.

एम.एस्सी.: प्रवेशापासून शोधप्रबंधापर्यंत

एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचे आहे. पहिल्या वर्षी प्रगत परिचर्या (नर्सिंग), परिचर्या शिक्षण, संशोधन व संख्याशास्त्र आणि निवडलेल्या विशेष विषयाचा पहिला भाग असतो. दुसऱ्या वर्षी परिचर्या व्यवस्थापन, विशेष विषयाचा दुसरा भाग आणि शोधप्रबंध. प्रसूतिकक्षातून येणाऱ्या परिचारिकेसाठी प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या हा स्वाभाविक विषय आहे. तालुका पातळीवर किंवा आरोग्य प्रशासनात काम करायचे असल्यास सामुदायिक आरोग्य परिचर्येचाही विचार करावा, आणि नवजात अतिदक्षता विभागाची ओढ असल्यास बालआरोग्य परिचर्येचा.

महाराष्ट्रातील बहुतेक नर्सिंग महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्याशिवाय मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय आहे, आणि काही अभिमत विद्यापीठेही हा अभ्यासक्रम चालवतात. महाविद्यालय निवडताना इमारत आणि जाहिरात यांपेक्षा तिथल्या रुग्णालयात महिन्याला किती प्रसूती होतात, हे आधी विचारावे. ज्या संस्थेचे स्वतःचे प्रसूतिगृह रिकामे असते, तिथे या विषयातील विशेष शिक्षण कागदावरच राहते. निवडलेल्या विशेष विषयाला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि त्या विषयाचे मार्गदर्शक प्रत्यक्ष तिथे आहेत का, हेही तपासावे.

हा अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे. ‘हजेरीची गरज नाही, फक्त परीक्षेला या,’ असे सांगणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे. एकाच काळात एका रुग्णालयाचे अनुभव प्रमाणपत्र आणि दुसऱ्या शहरातील महाविद्यालयाची हजेरी, अशी कागदपत्रे पुढे अध्यापकाच्या पदासाठी पडताळणीत आली की पदवी आणि अनुभव दोन्ही संशयाच्या भोवऱ्यात सापडतात. शिवाय असे शिकलेली शिक्षिका पुढे विद्यार्थिनींना काय शिकवणार, हा प्रश्न आहेच.

शोधप्रबंध हा या दोन वर्षांचा सर्वांत मौल्यवान भाग आहे, आणि नेमका तोच अनेकदा घाईत उरकला जातो. ‘अमुक विषयावरील नियोजित शिक्षण कार्यक्रमाची ज्ञानावरील परिणामकारकता’ या साच्यातले प्रबंध ग्रंथालयांत भरपूर आहेत. तुम्ही प्रसूतिकक्षात वर्षानुवर्षे जे पाहिले आहे त्यातून प्रश्न उभा करा. कळा देताना उताणे झोपवण्याऐवजी स्त्रीला आवडेल त्या स्थितीत राहू दिले तर आपल्या कक्षात काय बदलते? सोबत आई, सासू किंवा मैत्रीण असू दिली तर भीती कमी होते का? एपिझिओटॉमी (प्रसूतीच्या वेळी योनिमार्गाला दिला जाणारा छेद) आपल्याकडे नेमकी कोणत्या कारणांनी दिली जाते? प्रसूतीची सक्रिय अवस्था गर्भाशयमुख पाच सेंटिमीटर उघडल्यापासून धरावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सुचवले. आपल्या रुग्णालयातील नोंदी त्याप्रमाणे ठेवल्या जातात का? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव मोजणारे प्लास्टिकचे आवरण अंगाखाली ठेवून तो लवकर ओळखला आणि गर्भाशयाचे मर्दन, औषधे, सलाईन आणि तपासणी हे उपचार एकापाठोपाठ न देता एकत्र दिले, तेव्हा गंभीर परिणामांचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. आफ्रिकेतील चार देशांच्या रुग्णालयांत झालेल्या या कामात प्रसविकांचा वाटा मोठा होता. असा प्रश्न आपल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या मर्यादेत तपासता येण्याजोगा करून घेणे, हेच खरे संशोधनाचे शिक्षण होय. विषयाचा आराखडा नैतिकता समितीकडे वेळेवर पाठवावा, कारण तिथे लागणारा वेळ विद्यार्थिनीच्या हातात नसतो.

रजा, पैसा आणि कागद

शासकीय सेवेतील परिचारिकेने महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधील अध्ययन रजेची तरतूद वाचावी आणि आपली सेवा तीत बसते का, परतल्यावर किती वर्षांचे बंधपत्र द्यावे लागेल, हे आस्थापना शाखेकडून लेखी घ्यावे. नाहरकत प्रमाणपत्राचा अर्ज प्रवेश परीक्षेच्या अर्जाबरोबरच द्यावा. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांच्या जागा हातच्या जातात. खासगी रुग्णालयातील परिचारिकेने राजीनामा देण्याआधी अनुभव प्रमाणपत्रावर विभाग, पद आणि तारखा स्पष्ट लिहून घ्याव्यात. ‘स्टाफ नर्स’ एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र प्रसूतिकक्षातला अनुभव सिद्ध करत नाही.

लग्नानंतर नाव बदललेल्यांनी दहावीपासून नोंदणीपर्यंतची नावे जुळतात का, हे आधी पाहावे आणि गरज असल्यास राजपत्र व विवाह प्रमाणपत्र तयार ठेवावे. राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते, आणि ते आयत्या वेळी मिळत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी नूतनीकरणासह चालू असावी, आणि सततच्या परिचर्या शिक्षणाचे तास वेळोवेळी नोंदवलेले असावेत.

परदेशात जाण्याचा विचार असणाऱ्यांसाठी एक इशारा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे परिचारिका आणि प्रसविका ही नोंदणी एकत्र मिळते; ब्रिटनमध्ये ती वेगवेगळी आहे, आणि तिथे परिचारिका म्हणून नोंदणी झाली म्हणजे प्रसूतिकक्षात मिडवाइफ म्हणून काम करता येतेच असे नाही. एजंट पाठवतो ती नोकरी कोणत्या नोंदणीवर आहे, हे करारावर सही करण्याआधी विचारावे.

एम.एस्सी.नंतर पीएच.डी.चा रस्ता विद्यापीठांमार्फत आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या राष्ट्रीय कन्सोर्टियममार्फत आहे. अध्यापनात पदोन्नती शिकवण्याच्या वर्षांवर ठरते, म्हणून रुजू झाल्याची तारीख आणि नियुक्तिपत्र जपून ठेवावे. पदवी हाती येताच अतिरिक्त अर्हता म्हणून तिची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे करून घ्यावी आणि तिची प्रत सेवापुस्तकात लावून घ्यावी. पाठ्यनिर्देशिका (ट्यूटर), परिसेविका (सिस्टर इन्चार्ज) किंवा अधिसेविकेच्या (मेट्रनच्या) पदासाठी ज्येष्ठता यादी तयार होते तेव्हा आस्थापना शाखा सेवापुस्तकात जे आहे तेवढेच पाहते.