बी.ए. झाल्यावर आय.टी.आय. : अर्जाआधीची तयारी

बी.ए. करून आता इलेक्ट्रिशियन व्हायचं ठरलंय ना? मग सोलापुरातल्या विजापूर रोडच्या शासकीय आय.टी.आय.चा विचार करण्याआधी महाविद्यालय सोडल्याचा मूळ दाखला मिळवा. मूळ, झेरॉक्स नव्हे. शाळेचा दाखला अकरावीला जमा झाला, तिथला बी.ए.ला. घरच्या फाइलीत आहे ती नुसती प्रत, आणि प्रवेश पक्का करताना ती चालत नाही. ना-देय, म्हणजे काही देणं बाकी नसल्याची नोंद, झाल्याशिवाय महाविद्यालय दाखला सोडत नाही: ग्रंथालयाचं राहिलेलं पुस्तक, थकलेली फी, प्रत्येक टेबलावरची सही. मे महिन्यात सही करणारे सुट्टीवर असतात. म्हणून शेवटचा पेपर झाला की त्याच आठवड्यात ना-देयच्या मागे लागा. दाखला मिळाला की नाव, आईचं नाव, जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी खिडकीसमोरच ताडून बघा. एका वेलांटीसाठी पुन्हा खेटे पडतात. जमा करण्याआधी स्कॅन करून ठेवा.

गुणपत्रिका, आधार, फोटो, पासबुक हे लागतंच. आरक्षणासाठी नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र लागत असेल तर ते कुठल्या ३१ मार्चपर्यंत आहे ते वाचा. जूनमध्ये सेतूत रांगा लागतात.

प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, बी.ए.चे टक्के इथे मोजत नाहीत. कमाल वयाची अट नाही, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, म्हणजे कोर्स, २ वर्षांचा; वेल्डर आणि कोपा (संगणकाचा ट्रेड) १ वर्षाचे. आय.टी.आय. झाल्यावर मध्य रेल्वेत अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, व्हायचं तर, अगदी कुर्डुवाडी वर्कशॉपलाही, खुल्या गटात वयाची मर्यादा २४ आहे. बाविशीत २ वर्षांचा ट्रेड घेतला तर कोर्स संपेपर्यंत चोविशी गाठलेली असते. आधी वयाचा हिशेब, मग ट्रेड. महावितरणही इलेक्ट्रिशियन, वायरमन अप्रेंटिस घेतं, पण जाहिरात आली की वयाची अट आधी वाचा.

दाखला आला का? नसेल तर विकल्प भरणं, म्हणजे अर्जात ट्रेड आणि संस्थांचा पसंतीक्रम देणं, बाजूला ठेवा आणि उद्या सकाळी महाविद्यालयात जा. यादीत नाव लागलं की कागद दाखवायला मोजके दिवस मिळतात, तेवढ्यात ना-देय होत नाही.

विकल्प भरताना पहिल्या नंबरला मनापासून हवा तोच ट्रेड टाका. पहिला विकल्प लागला आणि घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाद. हजेरी ८० टक्के लागते, पूर्णवेळ नोकरी सोबत जमणार नाही. फी, गणवेश, सेफ्टी बूट यांचे पैसे वेगळे काढून ठेवा.