निधीचा अर्ज परत आला? कोकणातल्या मंडळांनी या चुका टाळाव्यात

एका छोट्या धर्मादाय न्यासाच्या निवड समितीवर मी काही वर्षं काम करते आहे. रायगड आणि रत्नागिरीत वाडीवस्तीवर राबणाऱ्या मंडळांना आम्ही निधी देतो. पैसा फार नाही. ठेवीचं व्याज, मुंबईकर चाकरमान्यांच्या देणग्या आणि मिळाला तर एखाद्या कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठी कंपनीने दिलेला पैसा), एवढ्यावर चालतं. दरवर्षी खरोखर चांगलं काम करणाऱ्यांचे अर्ज परत पाठवावे लागतात, आणि ते मनाला लागतं. कारण चुका बहुतेक वेळा त्याच असतात.

पाऊस आणि मार्च यांचा मेळ न घालणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. न्यासाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. करसवलत टिकवायची तर उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षात धर्मादाय कामाला लागावा लागतो, नाहीतर कारण देऊन, फॉर्म भरून तो पुढे न्यावा लागतो. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत आमची निधी वाटायची घाई असते.

गरिबाचं वर्ष मात्र असं चालत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, म्हणजे खलाशाची कमाई थांबते. लावणी आटोपली की शेतावरची मजुरीही आटते, आणि नवं भात दसरा-दिवाळीशिवाय घरात येत नाही. या मधल्या दिवसांत चूल अडते. रायगडच्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर वीटभट्टीच्या मालकाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, घेतली जाते ती याच अडचणीत. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं. उचल फिटली नाही, तर पुढचा हंगामही त्याच मालकाकडे.

एका मंडळाने धान्यकोठीसाठी मे महिन्यात अर्ज दिला. आमची बैठक ऑगस्टमध्ये झाली आणि पहिला हप्ता ऑक्टोबरात गेला. तोवर वाडीतल्या बऱ्याच घरांनी उचल घेऊन झाली होती. दुसऱ्या एका अर्जाची पाहणी करायला आम्ही जानेवारीत गेलो, तर वाडीत दोन म्हाताऱ्या आणि कुत्री, बाकी दारं बंद. अर्जातला शब्दन् शब्द खरा होता, फक्त महिना चुकला होता.

म्हणून पावसाळ्यातल्या कामाचा अर्ज आदल्या दिवाळीच्या सुमारास द्या. सोबत बारा महिन्यांचा साधा तक्ता जोडा: कोणत्या महिन्यात किती घरं गावात असतात, कुठे कामाला जातात, कर्ज कधी काढतात. हप्तेही त्या तक्त्याप्रमाणे मागा. ‘पहिला हप्ता १५ मेपूर्वी हवा, कारण जूनमध्ये टेम्पो वाडीपर्यंत जात नाही’ हे एक वाक्य आमच्या समितीला दहा पानी प्रस्तावनेपेक्षा जास्त पटतं.

जागेला तोंडी होकार

विहीर असो की काजू फोडणीची शेड, आधी सातबारा बघा. आपल्याकडे एकेका तुकड्यावर तीस-चाळीस नावं असतात. त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही मयत, वारसनोंद झालेली नाही. गावातला एक भाऊ ‘करा’ म्हणतो, चिरे येऊन पडतात, आणि गणपतीला आलेले चुलते काम थांबवतात. आमचा पैसा तिथेच अडकतो. सहहिस्सेदारांच्या लेखी संमत्या अर्जाआधीच गोळा करा. गणपती आणि शिमगा हीच त्याची वेळ, तेव्हा सगळे घरी भेटतात. जमलंच नाही, तर ग्रामपंचायतीची जागा ठरावासह मागा.

धर्मादाय कार्यालयातली जुनी नावं

अध्यक्ष वारले, विश्वस्त बदलले, पण परिशिष्टावर, म्हणजे विश्वस्तांच्या नावांच्या तिथल्या नोंदीत, अजून जुनीच मंडळी. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानुसार बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. राहिला असेल तर आजच वकिलाला गाठा. सीएसआरच्या पैशासाठी संस्थेची सीएसआर-१ या फॉर्मवरची सरकारी नोंदणीही लागते. आणि आमच्यामार्फत परदेशी देणगी मागू नका. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) झालेल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला दुसरीकडे वळवताच येत नाही.

माणसाचा खर्च लपवणं

‘न्यास मानधन देत नाहीत’ असं ऐकून मंडळं कार्यकर्तीचा पगार ‘प्रशिक्षण’ किंवा ‘साहित्य’ या नावाखाली घालतात. हिशेबात ते उघडं पडतं आणि विश्वास जातो. यात आम्हा निधी देणाऱ्यांचाही दोष आहे. शिलाई मशीनचा फोटो चांगला येतो म्हणून आम्ही वर्षानुवर्षं मशीनं दिली. त्यातली कितीतरी गंजत पडलेली मी पाहिली आहेत. खरी गरज वेगळीच असते. कातकरी मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबांना शाळा नव्हती की जमीन नव्हती, त्यांनी तो आणायचा कुठून? गृहचौकशी (घरी येऊन होणारी पडताळणी) करून घेणं, तहसीलला परत परत जाणं, रेशनकार्डावर नाव चढवणं हे कोणीतरी पायपीट करून करतं, आणि गरिबी हटवणारी सेवा म्हणतात ती हीच. ती करणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन आणि एसटीचं भाडं उघड, वेगळ्या ओळीत मागा. अशा अर्जाच्या बाजूने मी समितीत भांडते.

दुसरा हप्ता अडकला तर

बहुधा कारण एकच, पावत्या नसतात. होडीवाला किंवा डोक्यावरून पोती नेणारा गडी बिल देत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. त्यासाठी छापील व्हाउचर बरोबर ठेवा. तारीख, काम, रक्कम, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि एका साक्षीदाराची सही तिथल्या तिथे घ्या. मार्चमध्ये बसून एकाच पेनाने लिहिलेली वीस व्हाउचरं लेखापरीक्षक लगेच ओळखतो.