आधी पट्टी उलटी करा

अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, औषधांचं महिन्याचं बिल २०२५ च्या पाडव्यापर्यंत ४,३०० रुपयांच्या खाली कधी आलं नाही. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड, वय ७६. आज ते १,९०० च्या आसपास आहे आणि डॉक्टर तेच आहेत. काय काय केलं ते सांगते. मी नाशिकच्या एका पतपेढीत हिशेब बघते, त्यामुळे गोळ्यांचाही हिशेबच मांडला.

पहिलं काम घरातलं. एका रविवारी जमिनीवर पेपर पसरून डब्यातलं सगळं त्यावर ओतलं आणि एकेक पट्टी उलटी केली. पुढे ठळक अक्षरात असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. मागे मुंगीएवढ्या अक्षरात असतं ते खरं औषध: टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५०० वगैरे. वहीत हे मागचं नाव लिहा, मिलिग्रॅम लिहा, आणि नावापुढे एसआर किंवा ईआर असेल तर तेही. दोन्हींचा अर्थ पोटात हळूहळू सुटणारी गोळी. तिच्या जागी साधी चालत नाही. सुट्या गोळ्या कापून देताना मेडिकलवाला एक्सपायरी छापलेला तुकडा बहुतेक वेळा स्वतःकडेच ठेवतो, म्हणून शक्यतो अख्खी पट्टी घ्या.

पुढचा रकाना एका गोळीच्या किमतीचा. पट्टीच्या नव्हे, कारण कुठली पट्टी १० ची असते, कुठली १५ ची, आणि फसगत इथेच होते. '२० टक्के सूट' या पाटीकडे तर बघूच नका. छापील किंमतच फुगवलेली असेल तर सूट कशावर? खिशातून गेलेले पैसे भागिले गोळ्या, एवढंच गणित. त्याच औषधाच्या दुसऱ्या कंपन्यांच्या किमती 'फार्मा सही दाम' या सरकारी ॲपवर दिसतात.

ही वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. वाचता वाचता ते थांबले. "ही पॅन्टोप्राझोल, ॲसिडिटीची गोळी, अजून चालू आहे?"

"हो, रोज सकाळी उपाशीपोटी."

"अहो ताई, ती मी अँटिबायोटिकबरोबर दहा दिवसांसाठी दिली होती."

त्याला दोन वर्षं झाली होती. जेनेरिकचा, म्हणजे मूळ नावानं मिळणाऱ्या स्वस्त औषधाचा, ज सुद्धा न काढता महिन्याचे तीनशे रुपये वाचले. (आपल्या मनानं मात्र कुठलीच गोळी बंद करू नका, बीपीची तर नाहीच नाही.)

मेडिकलवाल्यावर चिडण्यात अर्थ नाही. चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल तर परस्पर दुसऱ्या कंपनीचं औषध देण्याची त्याला कायद्यानं मुभा नाही. चिठ्ठीच बदलून घ्यावी लागते. "डॉक्टर, औषधाचं मूळ नाव लिहाल का?" इतकं साधं विचारलं आणि त्यांनी लिहून दिलं. शुगरची एम्पाग्लिफ्लोझिन ही सगळ्यात महाग, साठ रुपयांच्या घरातली एक गोळी. तिचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि बऱ्याच कंपन्यांनी तेच औषध कितीतरी स्वस्तात आणलं, पण आम्ही जुनाच ब्रँड नेत होतो. कोणी सांगितलंच नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

दोन गोष्टी मी बदलल्या नाहीत. बीपीच्या जोडगोळीऐवजी दोन सुट्या गोळ्या घेतल्या तर थोडं स्वस्त पडत होतं, पण अण्णा म्हणाले, "म्हणजे आता नाश्ताही गोळ्यांचाच का?" सोडून दिलं. थायरॉईडच्या गोळीची कंपनी डॉक्टरांनीच बदलू दिली नाही. या औषधात डोसचा थोडा फरकही जाणवतो. बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करावी लागते. फिटचं फेनिटॉइन आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांचीही कंपनी अशी सहज बदलायची नसते.

बाकीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, आणते. 'जनऔषधी सुगम' ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही कळतं. तिथली खरी अडचण साठ्याची. "काकू, गुरुवारी या" हे तीनदा ऐकलं की माणूस पुन्हा जुन्या दुकानात जातो. म्हणून गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी जायचं.

आता जे कुणी सांगत नाही ते. अण्णा गोळ्या नावानं नाही, रंगानं ओळखतात. नवी पट्टी आली त्या आठवड्यात एका सकाळी ते म्हणाले, "अगं, गुलाबी राहिली होती, ती घेतली." कोलेस्टेरॉलची पांढरी नवीही घेतली होती आणि डब्याच्या तळाशी उरलेली गुलाबी जुनीही. औषध एकच, डोस दुप्पट. डॉक्टरांना फोन केला, त्या दिवशी काही झालं नाही, पण बीपीची असती तर? नवी पट्टी घरात आली की जुनी त्याच दिवशी डब्यातून काढा, आणि डब्याच्या झाकणावर 'गुलाबीच्या जागी पांढरी' अशी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा.

स्वस्त गोळी लागू पडते का, हे वादातून नाही, मोजून कळतं. आम्ही दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ बीपी लिहिलं आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, केली. आकडे जागेवर होते. बिल नेहमी पक्कं घ्या, बॅच नंबरसकट. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर्जात नापास झालेल्या बॅचची यादी दर महिन्याला जाहीर करते, आणि बॅच नंबर हाताशी नसेल तर ती यादी वाचून उपयोग नाही.

राहिला दवाखाना. सोडियम उतरलं म्हणून अण्णांना चार दिवस ॲडमिट केलं होतं. औषधं दवाखान्यातल्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नसते. तशी पाटी लावा, असा आदेश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) २०२५ मध्ये काढला आहे. विम्याच्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर कंपनी बाकीच्या बिलातूनही त्या प्रमाणात कापते, पण औषधं आणि तपासण्यांना ती कात्री लागत नाही. २०२० पासूनचा नियम आहे, बिलावर तपासून घ्या. कॅशलेस असेल तर डिस्चार्जच्या वेळी विमा कंपनीनं तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची असते.

घरी आल्यावरच्या औषधांचे पैसेही बऱ्याच पॉलिसींत ६० किंवा ९० दिवसांपर्यंत मिळतात. आमचा तो दावा पहिल्यांदा फेटाळला, कारण बिलं होती पण डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडली नव्हती. प्रत लावून पुन्हा पाठवला. तरीही नाकारलं तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची; तीही फेटाळली किंवा ३० दिवस उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं; पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही. २,८६० रुपये अण्णांच्याच खात्यात जमा झाले, आणि त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "त्या वहीत हे कुठल्या रकान्यात लिहिणार?"