जंताच्या गोळीआधी पिसवा बघा

इंदुरात पाऊस लागायच्या आत, जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच, घरातल्या कुत्र्या-मांजरांचं जंताचं औषध उरकून घ्या. पण गोळी आणण्याआधी पिसवा बघा. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं. गोळी बरोबर, वजन बरोबर, आणि महिन्याच्या आत शेपटीखाली पुन्हा तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे!

ते तुकडे चपट्या जंताचे. त्याची अंडी पिसवेची अळी खाते. पुढे अळीची पिसू झाली की कुत्रं अंग चावता-चाटता ती गिळतं आणि साधारण तीन आठवड्यांत पोटात नवा जंत तयार. गोळी आज पोटात असलेले जंत मारते. उद्या गिळलेल्या पिसवेवर तिचा काही उपयोग नाही.

म्हणून बारीक फणी शेपटीच्या मुळाशी फिरवा. काळे कण निघाले तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा, लालसर डाग पसरला की पिसवा आहेत असं समजा. मग पिसवांचं औषध घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी, मानेमागे केस बाजूला करून थेट कातडीवर. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला चुकूनही नको, जीव जातो. अंथरूण कढत पाण्यात धुवा, सोफ्याच्या फटी आणि दिवाणाखालची जागा व्हॅक्यूमने काढा. कोषातल्या पिसवा फवाऱ्याला दाद देत नाहीत, आठवड्यांनी बाहेर पडतात. म्हणून पिसवांचं औषध निदान तीन महिने चालू ठेवा. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्यावरच्या अळ्या सुकतात, पावसाच्या दमट हवेत जोमाने वाढतात. जूनची घाई त्यासाठीच.

वजन त्याच दिवशीचं हवं. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग आपलं वजन वजा करा. पिल्लाला स्वयंपाकघरातला काटा चालतो. प्राझिक्वांटेल, पायरँटेल, फेबँटेल असलेली कुत्र्याची नेहमीची गोळी साधारण १० किलोला एक. पाकिटावरचं प्रमाण वाचाच. मांजराची गोळी वेगळी असते, कुत्र्याची मोडून देऊ नका. मादी गाभण असेल किंवा जनावर आजारी असेल तर आधी डॉक्टर.

पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून (मांजराच्या पिल्लांना तिसऱ्या), दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत, मग सहा महिन्यांचं होईतो दरमहा. गोल जंत आईच्या दुधातून येतात, कुत्रीच्या पिल्लांना तर जन्माआधीच. त्यामुळे आईलाही औषध हवंच.

गोळी खाण्यातून द्या, पाच मिनिटं नजर ठेवा, थुंकतात. ओकली तर स्वतःहून दुसरी देऊ नका, डॉक्टरांना विचारा. विष्ठा रोज उचला, हात धुवा. मोठ्यांची पुढची गोळी तीन महिन्यांनी. तारीख लिहिताना शेजारी पिसवांच्या औषधाचीही लिहा.